मोडीत घालण्यापूर्वी एकदा उलटून बघा

जुना वाडा पाडायचा ठरला की लाकूड आणि कौलं यांचा हिशेब चोख होतो. दारांच्या मुठी, कडी-कोयंडे, झोपाळ्याच्या कड्या मात्र सरळ भंगारवाल्याच्या काट्यावर चढतात. परसात खणताना किंवा मेटल डिटेक्टर फिरवताना सापडलेल्या हिरवट तुकड्याचीही तीच गत! मोडीचे चार पैसे हाती येतात, पण घराची एक खूण कायमची भट्टीत जाते. थोडं निरखून पाहिलंत, तर हे नुकसान टाळता येईल.

पितळच आहे ना?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्याला लोहचुंबक चिकटत नाही. चिकटलं, तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा असं समजा. बिजागरीची खीळ लोखंडी असू शकते, म्हणून चुंबक तिच्या पानावर लावून पाहा. झिजून उघड्या पडलेल्या जागी रंग पिवळा दिसला तर पितळ, लालसर दिसला तर तांबं.

वस्तू कशाची?

झीज खोटं बोलत नाही. कडीच्या आतल्या बाजूला एकाच जागी खोल झीज असेल, तर तिच्यावर झोपाळ्यासारखा हलता भार असणार. मूठ हात पडतो तिथेच गुळगुळीत होते. पट्टीवरची भोकं वरच्या बाजूला पसरट असतील, तर ती स्क्रूने लाकडावर बसवलेली होती.

वय कसं ओळखाल?

वस्तू उलटी करा. मागची बाजू खडबडीत आणि कानशीचे ओरखडे वेडेवाकडे असतील, तर ते हातकाम असण्याची शक्यता अधिक. स्क्रूही बोलके असतात. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकानंतर रुळले. त्याआधीच्यांचं टोक बोथट असे. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकातले किंवा त्यानंतरचे. अर्थात स्क्रू मागाहून बदललेला असू शकतो, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका. काही विलायती मुठींवर पत्त्यातल्या चौकटसारखा शिक्का दिसतो. तो १८४२ ते १८८३ मधल्या ब्रिटिश नोंदणीचा. इंग्रजी ‘आरडी’ अक्षरं आणि पुढे आकडा असेल, तर नोंदणी १८८४ किंवा त्यानंतरची.

घासू नका!

चिंच किंवा आम्ल लावून लखलखीत करण्याचा मोह आवरा. त्यात हत्यारांच्या खुणा आणि पुसट अक्षरं नाहीशी होतात. मऊ ब्रशने माती झटका, फोटो काढा आणि वस्तू कुठे, किती खोल मिळाली ते लिहून ठेवा.

कायदाही माहीत हवा

१८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार, जमिनीत किंवा तिला जोडलेल्या कशातही दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणणं तर गुन्हाच. १९७२ च्या कायद्याप्रमाणे, इमारतीतून निघालेली किमान शंभर वर्षांची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि पुरावशेष खाजगीरीत्या परदेशी नेता येत नाही. अमेरिकेतल्या लेकीला आजोळच्या दाराची कडी धाडायची असेल, तर ती पुरावशेष नसल्याचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र आधी घ्या.

सगळंच जपून ठेवणं कुणाला शक्य नसतं. पण आजीच्या हाताने झिजलेली एक मूठ नव्या फ्लॅटच्या दाराला सहज बसते. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तेवढी बाजूला काढाच.