लॅपटॉपवरून फाइल डिलीट केली… आणि फोनवरूनही गेली!

लॅपटॉप भरला की रखडत चालायला लागतो. मग एखाद्या रविवारी घरातलं कोणीतरी आवराआवरीला बसतं. ‘हे फोटो तर क्लाउडवर आहेतच,’ असं म्हणत लग्नाच्या फोटोंचा अख्खा फोल्डर लॅपटॉपवरून डिलीट केला जातो. संध्याकाळी फोनवर ड्राइव्ह उघडून बघावं, तर तिथेही फोल्डर नाही! अशा वेळी सगळे क्लाउडला दोष देतात. खरंतर त्याने आपलं काम चोख बजावलेलं असतं.

सिंक म्हणजे आरसा

गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स यांच्या सिंकचं काम एकच, दोन्ही ठिकाणी सारखंच ठेवणं. लॅपटॉपवर नवी फाइल आली की ती क्लाउडवर पोहोचते आणि लॅपटॉपवर पुसली की क्लाउडवरूनही पुसली जाते. म्हणून सिंकला बॅकअप समजू नका.

चुकून काही डिलीट झालंच, तर घाबरू नका, पण वेळही घालवू नका. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये आणि वैयक्तिक वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये फाइल साधारण ३० दिवस राहते. तोवर ती परत आणता येते.

फाइल नेमकी आहे कुठे?

विंडोजवर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फाइलजवळच्या छोट्या खुणा पाहा. निळा ढग असेल तर फाइल फक्त क्लाउडवर आहे आणि इंटरनेटशिवाय उघडणार नाही. हिरवी खूण असेल तर ती लॅपटॉपवरही आहे. लॅपटॉपवर जागा हवी असेल तर डिलीट करण्याऐवजी फाइलवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडा. फाइल क्लाउडवर सुरक्षित राहते आणि डिस्क मोकळी होते. मुलाखतीला किंवा प्रवासात लागणारी कागदपत्रं मात्र ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करून ठेवा.

गुगल ड्राइव्हच्या लॅपटॉपवरच्या अॅपमध्ये ‘स्ट्रीम’ आणि ‘मिरर’ असे दोन पर्याय असतात. ‘स्ट्रीम’मध्ये फाइल्स मुख्यतः क्लाउडवर असतात, तर ‘मिरर’मध्ये सगळ्या लॅपटॉपवरही उतरतात.

जागेचाही हिशोब ठेवा. गुगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून असते, तर वनड्राइव्हची मोफत जागा ५ जीबी आहे. अनेक नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हला जोडलेले असतात. त्यामुळे ही जागा बघता बघता संपते.

शोधलं तर सापडायला हवं

फाइल आहे, पण सापडत नाही, हे दुसरं दुखणं. शोधणं सोपं व्हावं म्हणून कॉम्प्युटर पुस्तकाच्या शेवटच्या सूचीसारखी फाइल्सची एक सूची बनवतो. तिलाच इंडेक्स म्हणतात. विंडोजच्या सर्च सेटिंगमध्ये ‘क्लासिक’ निवडलं तर ही सूची नेहमीच्या ठरावीक फोल्डरपुरती बनते आणि ‘एन्हान्स्ड’ निवडलं तर जवळपास सगळ्या कॉम्प्युटरची. मॅकमध्ये हेच काम स्पॉटलाइट करतं. डॉकफेचर, रिकॉल अशी सॉफ्टवेअर्स फाइलच्या आतला मजकूरही शोधून देतात.

तरीही काही फाइल्स निसटतात. त्याची कारणं बहुधा ही असतात :

• फाइल फक्त क्लाउडवर असेल, तर तिच्या आतला मजकूर लॅपटॉपच्या सूचीत येतोच असं नाही.

• स्कॅन केलेली गुणपत्रिका किंवा खरेदीखत कॉम्प्युटरसाठी नुसतं चित्र असतं. त्यातली अक्षरं ओळखून घेण्यासाठी ओसीआर करावं लागतं. ते नसेल, तर निदान फाइलचं नाव तरी नीट द्या.

• जुनी मराठी पत्रं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द त्यांत सापडत नाही. डोळ्यांना मराठी दिसलं तरी आत साठवलेली अक्षरं वेगळीच असतात. महत्त्वाची पत्रं कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून ठेवा.

एक काळजी आणखी घ्या. शोधणाऱ्या सॉफ्टवेअरची स्वतःची सूची सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. ती सतत बदलते, त्यामुळे सिंक थांबतच नाही. शिवाय ‘फक्त क्लाउडवर’च्या फोल्डरवर असं सॉफ्टवेअर सोडलं, तर मजकूर वाचण्यासाठी ते एकेक फाइल उतरवून घेऊ शकतं. मग डिस्कही भरते आणि डेटाही संपतो.

घरासाठी सोपी मांडणी

ओळखपत्रं, शिक्षण, आरोग्य, बँक आणि कर, घर आणि गाडी, फोटो असे सहाच मुख्य फोल्डर करा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना आणि मग विषय लिहा, जसं ‘२०२४-०६ वीजबिल’. असं केल्याने फाइल्स आपोआप तारखेप्रमाणे लागतात. एकच फोल्डर दोन क्लाउड सेवांना जोडू नका, नाहीतर एकाच फाइलच्या दोन-तीन प्रती होऊन खरी कोणती तेच कळत नाही.

आता बॅकअप. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ नियम घरालाही लागू पडतो. महत्त्वाच्या फाइलच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यातली १ घराबाहेर. एक लॅपटॉपवर, एक क्लाउडवर आणि एक एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, की झालं काम! महिन्यातून एकदा डिस्क जोडा, नवीन फाइल्स कॉपी करा, दोन-चार फाइल्स उघडून पाहा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली नसलेली ही डिस्कच चुकून केलेल्या डिलीटपासून खरी सुरक्षित असते.

लॅपटॉप बिघडला तर नवा घेता येतो. बाळाचं पहिलं पाऊल आणि आजीचा आवाज मात्र पुन्हा रेकॉर्ड करता येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी डिलीटचं बटण दाबण्याआधी ही फाइल आणखी कुठे आहे, ते एकदा उघडून पाहा.