क्योटोत जरा दमानं!

सकाळी सहाला फुशिमी इनारीला पोहोचलात, तर त्या केशरी-लाल तोरी कमानींखाली तुम्ही आणि गार हवा, बास! नऊला गेलात, तर फक्त डोकी. पहिल्या दिवशी मी नऊवाली होते. गर्दीत घुसले, रील काढलं, पळाले.

दुसऱ्या दिवशी लवकर उठून पुन्हा गेले. निवांत वर चढले आणि उतरताना पाहते तर काय, प्रत्येक कमानीच्या मागच्या बाजूला काळी अक्षरं. ही देणगीदारांची नावं! इनारी हे धान्याचं आणि व्यापाराचं दैवत. धंद्यात बरकत यावी म्हणून किंवा आली म्हणून दुकानदार, कंपन्या इथे कमान अर्पण करतात. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतं ना, सेम तसंच. मी ज्याला बॅकग्राउंड समजत होते, तो कुणाचा तरी नवस होता.

मग निशिकी मार्केट. जेमतेम ४०० मीटरची अरुंद गल्ली, शंभरेक दुकानं. लोणची, मासे, टोफू, चाकू... हे क्योटोचं स्वयंपाकघर. काडीला टोचलेला, डोक्यात लाव्याचं अंडं भरलेला पिटुकला ऑक्टोपस घेतला आणि चालत चालत खायला लागले. दुकानातल्या आजींनी हसून हातानंच थांबवलं. इथे घेतलं तिथेच उभं राहून खायचं, काडीही तिथेच द्यायची. जाम ओशाळले. पण आजींचं काय चुकलं? आपली ट्रिप चार दिवसांची, त्यांचा बाजार रोजचा. गिओनमध्ये तर गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणारे इतके वाढले, की २०२४मध्ये काही खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद झाल्या. शिरलात, तर १० हजार येन दंड, अशी पाटीच आहे.

जमलं तर २१ तारीख गाठा. ७९६ साली स्थापन झालेल्या तोजी मंदिरात दर महिन्याच्या २१ला कोबो दाइशींच्या स्मृतिदिनानिमित्त बाजार भरतो. जुने किमोनो, कपबशा, रोपटी, खाऊ... थेट आपली जत्रा! सुमारे ५५ मीटर उंच लाकडी पॅगोडा वरून सगळं बघत असतो.

तिकीट काढून आतल्या सभागृहात गेले आणि थबकलेच. चार मुखं, खाली हंस. जपानी नाव बोन्तेन, म्हणजे आपला ब्रह्मदेव! पलीकडे हत्तीवर इंद्र. दोघंही साधारण बाराशे वर्षांचे.

आत फोटोला बंदी. मोबाइल बॅगेत टाकला आणि नुसती बघत उभी राहिले. अख्ख्या ट्रिपमधली तेवढीच गोष्ट गॅलरीत नाही. आणि तीच डोळ्यांसमोरून जात नाही.