दारात पोहोचण्यापूर्वी

रात्री अडीच वाजता घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत कळ येते, तेव्हा रुग्णालय निवडायला उसंत नसते. म्हणून, वाचकहो, तो विचार आपण आजच स्वस्थ चित्ताने करून ठेवावा.

मुंबईत महापालिकेची केईएम, नायर, शीव ही रुग्णालये, नाहीतर खाजगी, असे दोनच मार्ग आपण धरून चालतो. पहिल्याचे भय गर्दीचे, आणि ते अनाठायी नाही. १९२६ पासून परळला उभ्या असलेल्या केईएममध्ये केसपेपरसाठी रांग धरणे, मग तपासण्यांसाठी हिंडणे, हे गुडघे धरलेल्या माणसाच्या आवाक्यातले नव्हे. सोबत कोणी तरुण हवेच. परंतु अवघड दुखणी नित्य हाताळणारे डॉक्टरही तेथेच भेटतात.

दुसऱ्याचे भय अनामत रकमेचे. माझ्या आईला एका मोठ्या रुग्णालयात नेले, तेव्हा तिच्या नाडीआधी आमच्या पाकिटाची चौकशी झाली. आम्ही मुकाट्याने पैसे भरले. ते रुग्णालय धर्मादाय न्यासाचे आहे, हे मला फार उशिरा कळले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने मंजूर झालेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेऊन, प्रकृती स्थिर होईपर्यंत अत्यावश्यक उपचार देणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. संगमरवरी दालन पाहून आपण बिचकतो, एवढेच.

तेव्हा घराजवळचे कोणते रुग्णालय धर्मादाय आहे, याची आधीच चौकशी करावी. दाखल होताना तेथील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एका दिवसात हाती पडत नाही. तो आताच काढावा. दाद मागायची तर वरळीचे धर्मादाय आयुक्त कार्यालय आहे.

आपले वय ७० पूर्ण असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डही मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. मात्र प्रत्येक खाजगी रुग्णालय या योजनेत नसते, हे आधी विचारून घ्यावे.

आमच्या घरी दाखला, शिधापत्रिका, आधार आणि आईच्या औषधांची यादी अशी एक कापडी पिशवी तयार असते. ती कपाटात नव्हे, दारामागच्या खुंटीला टांगलेली आहे.