घोरणं आणि जबड्याचं दुखणं
सकाळी कानापुढचा सांधा दुखतो, जांभई देताना ‘कट्’ आवाज येतो आणि दोष दातांना दिला जातो. घरच्यांना विचारा: रात्री घोरता घोरता श्वास अडकतो का? झोपेत घसा मिटून श्वास निदान 10 सेकंद थांबणं, असं वारंवार होणं म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अशी लक्षणं असलेल्या प्रौढांना जबड्याच्या सांध्याचा विकार पुढे जास्त झालेला दिसला. तुटक झोपेने वेदना तीव्र जाणवते, हे त्यामागचं एक कारण असावं. उपचारही जपून हवा. खालचा जबडा पुढे धरून श्वासमार्ग मोकळा ठेवणारं उपकरण काहींचा सांधा दुखवतं. ते परस्पर विकत आणू नका. आधी झोपेची तपासणी करा, मग दंतवैद्याकडून मापाचं बनवून घ्या.