कळफलकाची पारख

छत्तीसगडची राजधानी रायपूर. या शहराच्या मध्यवस्तीत गोल बाजार नावाचा जुना बाजार आहे. भांडीकुंडी, किराणा, पूजेचे साहित्य अशा नित्याच्या वस्तूंसाठी लोक तेथे जातात. अशा बाजारात वस्तू हाती धरून पाहण्याची रीत असते. पातेल्याचे वजन हाताला जोखता येते, तव्याची मूठ पकडून बघता येते. माठ तर वाजवूनच घ्यावा, असे आपल्याकडे सांगतात. जी वस्तू रोज हाताळायची, ती हातानेच पारखावी, हा या रीतीमागचा साधा विचार आहे.

संगणकाचा कळफलक घेताना मात्र आपण हा विचार क्वचितच करतो. संगणकाबरोबर जो कळफलक मिळतो, तोच वर्षानुवर्षे वापरतो. वास्तविक टंकलेखन हे ज्याचे रोजचे काम आहे, त्याची बोटे दिवसाकाठी हजारो वेळा कळा दाबतात. मराठीत 'कळ' या शब्दाला दोन अर्थ आहेत: यंत्राची कळ आणि दुखण्याची कळ. पहिली नीट निवडली नाही, तर दुसरी बोटांना आणि मनगटांना सोसावी लागते.

गेल्या काही वर्षांत जगभर अनेकांनी कळफलकाच्या पारखीलाच छंदाचे रूप दिले आहे. ते यांत्रिक कळफलक निवडतात, उघडतात, त्याचे भाग बदलतात आणि तो आपल्या हाताला साजेसा करून घेतात. या छंदात कोणते ज्ञान दडलेले आहे आणि मराठी लिहिणाऱ्याला त्याचा काय उपयोग आहे, हे आपण या पाठात पाहू.

कळ दाबल्यावर काय घडते?

स्वस्त कळफलकात सर्व कळांखाली रबराचा एकच पातळ थर असतो. त्यावर प्रत्येक कळेसाठी एक लहानसा घुमट असतो. कळ दाबली की घुमट खाली बसतो आणि त्याखालचे दोन विद्युत्-थर एकमेकांना टेकतात. ही रचना स्वस्त असते. परंतु कळ बहुधा तळापर्यंत दाबावी लागते आणि कालांतराने रबर आपला लवचीकपणा गमावते. एक घुमट बिघडला तरी तेवढाच बदलणे सहसा शक्य नसते.

यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळेखाली एक स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक दांडी, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या असतात. दांडी खाली सरकली की पट्ट्या एकमेकींना भिडतात आणि परिपथ पूर्ण होतो. नेहमीच्या स्विचमध्ये कळ एकूण सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर सुमारे २ मिलिमीटरवरच नोंदले जाते. म्हणजेच कळ तळाला आपटण्याची गरज नसते. हलक्या हाताने लिहिण्याची सवय लावून घेतली, तर बोटांचे श्रम कमी होतात. एखादा स्विच बिघडल्यास तेवढाच बदलता येतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कळफलक संगणकाला अक्षर पाठवत नाही. अमुक जागेची कळ दाबली गेली, एवढेच तो कळवतो. त्या जागेचे अक्षर कोणते, हे संगणकातील भाषेची निवड ठरवते. कळेवर काय छापले आहे, याला येथे महत्त्व नाही. या गोष्टीचा उपयोग आपल्याला पुढे होणार आहे.

स्विचची निवड

या छंदात सर्वाधिक चर्चा होते ती स्विचची. जर्मनीतील चेरी या कंपनीने १९८० च्या दशकात जो स्विच बाजारात आणला, त्याची रचना पुढे प्रमाण मानली गेली. त्याच्या एकाधिकाराची मुदत संपल्यावर इतर कंपन्यांनीही त्याच मापाचे स्विच तयार केले. त्यामुळे निवडीला मोठा वाव मिळाला आणि किमतीही उतरल्या.

स्विचचे मुख्य प्रकार तीन आहेत आणि दांडीच्या रंगावरून ते ओळखण्याची पद्धत रूढ आहे. लाल स्विच सरळ, विनाअडथळा खाली जातो. तपकिरी स्विच दाबताना मध्येच एक सूक्ष्म उंचवटा बोटाला जाणवतो. अक्षर उमटल्याची ती खूण असते. निळ्या स्विचमध्ये या उंचवट्याबरोबर 'टक्' असा स्पष्ट आवाजही होतो. लाल स्विचला साधारण ४५ ग्रॅम वजनाइतका दाब लागतो, तर निळ्याला सुमारे ६० ग्रॅम.

यांपैकी श्रेष्ठ कोणता, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या हाताला निळ्या स्विचचा आवाज आपलासा वाटतो. पण घरात मूल झोपले असेल किंवा कार्यालयात शेजारी कोणी बसत असेल, तर तोच आवाज उपद्रव ठरतो. भारतात टीव्हीएस कंपनीचा 'गोल्ड' हा यांत्रिक कळफलक अनेक वर्षे कार्यालयांतून वापरला गेला. त्याचा खणखणीत आवाज ऐकलेल्या अनेकांना 'यांत्रिक कळफलक' हे नाव मात्र ठाऊक नसेल.

टोप्या, आकार आणि निगा

बोट ज्या भागाला स्पर्श करते, ती कळेची टोपी. टोपी वर ओढली की निघते. तिच्या आतील बाजूस स्विचच्या दांडीवर बसणारी अधिक चिन्हाच्या आकाराची खाच असते. टोप्या मुख्यतः दोन प्रकारच्या प्लास्टिकच्या असतात. एबीएस प्लास्टिक गुळगुळीत असते, पण सततच्या वापराने त्यावर तेलकट चकाकी येते. पीबीटी प्लास्टिक थोडे खरबरीत असते आणि अधिक काळ टिकते. काही टोप्यांत अक्षर वरून न छापता दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकमध्ये ओतलेले असते. असे अक्षर झिजून पुसले जात नाही.

पूर्ण कळफलकात सहसा १०४ कळा असतात. उजवीकडचा अंकांचा भाग वगळला की ८७ उरतात, तर लहान कळफलकात ६१ च्या आसपास असतात. हिशेबाचे काम करणाऱ्याला अंकांचा भाग हवाच. तसे काम नसेल, तर लहान कळफलकामुळे माउस जवळ येतो आणि उजवा खांदा ताणला जात नाही.

हौशी मंडळी याहून पुढे जातात. स्विच उघडून दांडीला ग्रीसचा अतिशय पातळ हात देतात. त्यामुळे खरखर कमी होते. जागापट्टीसारख्या लांब कळा दोन्ही टोकांना समान दबाव्यात म्हणून त्यांखाली तारेचा आधार असतो. त्याचा खडखडाटही ग्रीसने थांबवता येतो. काही कळफलकांत स्विच नुसते खोबणीत बसवलेले असतात. ते चिमट्याने काढून बदलता येतात, सोल्डरिंगची गरज पडत नाही. नवशिक्याने असा कळफलक निवडणे शहाणपणाचे ठरते.

निगा मात्र सर्वांनाच घेता येते. कळफलक संगणकापासून सोडवावा, टोप्या काढून कोमट साबणपाण्यात धुवाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात आणि स्विचमधली धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. टोप्या काढण्यापूर्वी कळफलकाचे छायाचित्र घेऊन ठेवावे. परत बसवताना घोटाळा होत नाही.

मराठीसाठी कळफलक

आता सर्वांत महत्त्वाच्या निवडीकडे वळू. तिला एक पैसाही लागत नाही. ती म्हणजे अक्षरांची मांडणी.

रायपूरशी मराठीचा संबंध जुना आहे. १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते आणि १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. 'छत्तीसगढ मित्र' या हिंदी मासिकाचे संपादक माधवराव सप्रे यांनी लोकमान्य टिळकांचा 'गीतारहस्य' हा ग्रंथ हिंदीत आणला, तेही मराठीभाषक होते. आजही शहरात अनेक मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्या अवतीभवती हिंदी आहे. दोन्ही भाषांची लिपी एकच, देवनागरी. मात्र 'ळ' हा वर्ण मराठीत पावलोपावली येतो, तर प्रमाण हिंदीच्या रोजच्या लेखनात तो जवळजवळ येतच नाही.

हा भेद किरकोळ नाही. अर्ज भरताना 'काळे' या आडनावाचे 'काले' झाले आणि 'मुळे'चे 'मुले' झाले, तर एका कागदावर एक नाव आणि दुसऱ्यावर दुसरे, अशी स्थिती होते. मग दुरुस्तीसाठी कचेरीचे खेटे घालावे लागतात. लिहिणाऱ्याला पुष्कळदा वाटते की आपल्या कळफलकावर 'ळ' नाहीच.

प्रत्यक्षात तो आहे. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी 'इन्स्क्रिप्ट' नावाची मांडणी तयार केली. पुढे १९९१ मध्ये भारतीय मानकातही तिचा समावेश झाला. तिच्यात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. इंग्रजी 'एन' या कळेवर 'ल' आहे आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की 'ळ' उमटतो. 'जे' या कळेवर 'र' आहे. शिफ्टसह 'ऱ' मिळतो. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांसाठी 'ऱ', मग 'डी' या कळेवरचे हलन्त चिन्ह आणि त्यानंतर 'य' दाबावा. 'कॅमेरा' शब्दातील अर्धचंद्र शिफ्टसह २ या अंकावर आहे.

टंकलेखन यंत्रावरून आलेल्या जुन्या मांडणीत 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि नंतर 'क' दाबावा लागे, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. इन्स्क्रिप्टमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी येते. जसे उच्चारावे तसे लिहावे, हा तिचा नियम आहे. हातात जुनी मांडणी मुरली असेल, तर ती सोडण्याचा आग्रह नको. नव्याने शिकणाऱ्याने मात्र इन्स्क्रिप्टपासून आरंभ करावा.

कळफलक केवळ जागा कळवतो, हे आपण पाहिले. म्हणूनच देवनागरी छापलेला कळफलक नसला तरी अडत नाही. संगणकात मराठी भाषा निवडली की साध्या इंग्रजी कळफलकावरही इन्स्क्रिप्ट चालते. टोप्यांवर लहान चिकटपट्ट्या लावाव्यात. बोटांना जागा पाठ झाल्या की त्या काढून टाकाव्यात. एक सावधगिरी तेवढी बाळगावी. इन्स्क्रिप्टमध्ये 'ड', 'च', 'ट', 'य' ही व्यंजने इंग्रजीतील विरामचिन्हांच्या आणि कंसाच्या कळांवर आहेत. फारच लहान कळफलकात यांतील काही कळा गाळलेल्या असतात. दिसायला सुबक असा कळफलक मराठी लिहिणाऱ्याला मग अपुरा पडतो.

निवडीचा क्रम

शक्य असल्यास विकत घेण्यापूर्वी कळफलकावर स्वतःच्या भाषेतील एक परिच्छेद लिहून पाहावा. मनगटे सरळ राहतात का, करंगळी शिफ्टपर्यंत सहज पोहोचते का, आवाज घरच्यांना चालेल का, हे प्रश्न स्वतःला विचारावेत. प्रथम मांडणी, मग आकार, मग स्विच आणि सर्वांत शेवटी रंगरूप, असा क्रम ठेवावा.

हा छंद खर्चिक होऊ शकतो, हे खरे. टोप्यांचे संच जमवण्यात आणि दर महिन्याला नवा स्विच आजमावण्यात काहींचे बरेच पैसे जातात. पण त्यातील सार घ्यायला पैसे लागत नाहीत. सुतार आपल्या रंध्याला धार लावतो, शिंपी यंत्राला तेल घालतो, शेतकरी विळ्याची मूठ हाताजोगी करून घेतो. लिहिणाऱ्यानेही आपले साधन असेच जाणून घ्यावे. आरंभ करायचा असेल, तर आजच संगणकात मराठी निवडा आणि कळफलकाकडे न पाहता 'बाळ', 'शाळा', 'दुसऱ्या' हे तीन शब्द दहा दहा वेळा लिहा. बोटांना 'ळ'ची जागा सापडली की कोणाचेही नाव तुमच्या हातून चुकीचे लिहिले जाणार नाही.