आगोटीची लाकडं आणि चेनसॉ: घेताना काय बघायचं, घेतल्यावर कशी जपायची



एप्रिल-मे आला की किनाऱ्यावर दोन कामं एकदम अंगावर येतात. एक, शेवटच्या फेऱ्या मारून १ जूनच्या आत बोट वर घ्यायची. दुसरं, आगोटीची बेगमी. सुकी मासळी, मसाला, तांदूळ आणि लाकडं. गॅस आता घरोघर आहे, पण आंघोळीचं पाणी तापवायला, भाकऱ्या भाजायला, लग्नकार्याच्या मोठ्या टोपाला आणि सिलिंडर संपला त्या दिवशी चूलच लागते. चार महिने पाऊस कोसळत असताना सुकं लाकूड पडवीत नसेल तर घरातल्या बाईला धुरात डोळे चोळत बसावं लागतं.

पूर्वी हे काम कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायच्या करवतीवर व्हायचं. आता बऱ्याच गावांत चेनसॉ आलाय. कोणी त्याला कटर म्हणतं, कोणी नुसतं मशीन. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात तो वाढला, त्याला वादळंही कारण आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, किनाऱ्यावरचे सुरू मोडले, रस्ते बंद झाले, वीज गेली ती कित्येक गावांत कित्येक दिवस आलीच नाही. वर्षभरात, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. बाहेरची मदत पोहोचेपर्यंत घरावरचं झाड बाजूला करायचं कोणी? ज्या गावात चालू स्थितीतला चेनसॉ होता, त्या गावाचा रस्ता लवकर मोकळा झाला.

इथे 'चालू स्थितीतला' हा शब्द महत्त्वाचा. घेतलेली मशीन दुसऱ्या वर्षी सुरूच होत नाही, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची आहे. बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो. आपल्या खाऱ्या हवेत, वाळूत आणि जुन्या पेट्रोलवर ती मरते. म्हणून आज घेण्याबद्दल थोडं आणि जपण्याबद्दल जास्त.

केवढी घ्यायची?

दुकानात गेलं की पहिला मोह मोठ्या मशीनचा. २२ इंची बार, ५८ सीसी, किंमतही कमी. पण दिवसभर हातात धरायची वस्तू आहे ही. वजन जास्त, बार लांब, म्हणजे हात लवकर थकणार आणि थकलेल्या हातातच अपघात होतात.

आपलं लाकूड काय असतं ते आठवा. आंब्याच्या, काजूच्या फांद्या, सुरूचे ओंडके, पडलेला नारळ. यातलं बरंचसं एक फुटाच्या आतलं. त्याला ३५ ते ४५ सीसीचं इंजिन आणि १४ ते १६ इंची बार पुरतो. गावासाठी, म्हणजे वादळात पडलेले मोठे बुंधे कापायला हवी असेल, तर ५० सीसीच्या वरची आणि १८ इंची बार. नियम सोपा आहे: बार कापायच्या ओंडक्यापेक्षा दोन-चार इंच लांब असावा, बास.

विजेवरची स्वस्त पडते, आवाज कमी, घराच्या अंगणात छान. पण वादळानंतर वीजच नसते, तेव्हा ती भिंतीला टांगलेलीच राहते. बॅटरीवरची छोटी करवत हातभर फांद्यांना चांगली, बुंध्याला नाही.

आणखी तीन गोष्टी बघून घ्या. साखळी जागच्या जागी थांबवणारा चेन ब्रेक आहे का आणि तो खरंच लागतो का. जवळच्या तालुक्याच्या गावी सुट्टे भाग मिळतात का आणि दुरुस्ती करणारा आहे का. आणि बारवर कोरलेले आकडे: पिच, गेज आणि साखळीचे दाते. हे आकडे मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. नवी साखळी आणायला जाताना हेच लागतात, नाहीतर फुकटचा हेलपाटा.

बोटीचं ऑईल करवतीत नको

हे नीट वाचा, कारण ही चूक आपल्याच घरात होण्यासारखी आहे. चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. आपल्या होडीचं जुनं आउटबोर्डही टू-स्ट्रोक. मग घरात डबा आहेच, तेच ऑईल ओतलं तर काय बिघडलं?

बिघडतं. आउटबोर्ड पाण्याने थंड होतं. त्याच्या ऑईलवर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं आणि ते त्या थंड इंजिनासाठी बनवलेलं असतं. चेनसॉ हवेने थंड होतो, खूप जास्त तापतो आणि प्रचंड वेगात फिरतो. त्याला हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं टू-स्ट्रोक ऑईल लागतं. डब्यावर जेएएसओ एफडी असं लिहिलेलं बघून घ्या. रॉकेल तर अजिबात नाही.

प्रमाण मशीनच्या पुस्तकात असतं तेच. पन्नासाला एक असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑईल, ५ लिटरला १०० मिली. अंदाजपंचे ओतू नका, मापाची बाटली ठेवा. ऑईल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो आणि तो खर्च जवळपास नव्या मशीनएवढा.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्या हवेत पाण्याला काय तोटा? म्हणून लागेल तेवढंच मिश्रण करा, पंधरा दिवसांत संपवा. महिन्याहून जुनं पेट्रोल चेनसॉत घालू नका.

करवत धारेवर चालते, जोरावर नाही

साखळीला धार आहे की नाही हे भुसा सांगतो. जाड ढलप्या उडत असतील तर धार आहे. पिठासारखा बारीक भुसा पडत असेल, धूर येत असेल आणि तुम्हाला मशीन लाकडावर दाबावी लागत असेल, तर धार गेली. तिथेच थांबा. दाबून कापताना मशीन निसटते, बार तापतो, साखळी ताणते. काप एका बाजूला वाकडा जात असेल तर एका बाजूचे दाते कमी घासले गेलेत.

धार लावायला गोल कानस लागते, तीही मापाची. बारीक थ्री-एट लो प्रोफाइल साखळीला ४ मिलिमीटर, पॉइंट ३२५ ला ४.८, मोठ्या थ्री-एटला ५.५. बार एखाद्या ओंडक्यात किंवा शेगड्यात घट्ट धरा. प्रत्येक दात आतून बाहेर, एकाच दिशेने, बहुतेक साखळ्यांना ३० अंशात, तीन-चार वेळा घासा. सगळ्या दातांना सारखेच घास. आधी एका बाजूचे सगळे, मग दुसऱ्या बाजूचे. जाळं विणणाऱ्या हाताला हे अवघड नाही, मोजून करायची सवय आपल्याला आहेच.

साखळीचा ताण रोज बघा. मशीन बंद असताना, हातमोजे घालून, बारच्या खालच्या बाजूला मध्यावर साखळी ओढून बघायची. ती बारला टेकलेली हवी, पण हाताने सहज फिरायलाही हवी. नवी साखळी पहिल्या दिवशी ढिली होते, तेव्हा दोन-तीनदा बघा. काम झाल्यावर ताण थोडा सैल करून ठेवा, कारण तापलेली साखळी थंड होताना आखडते.

साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. पेट्रोल भरलं की तेलही भरायचं, दोन्ही बरोबरच संपतात. तेल येतंय का हे बघायला बारचं टोक पांढऱ्या कागदावर, न टेकवता, धरून मशीन वाढवा. तेलाची रेघ उठली पाहिजे. बोटीच्या इंजिनातून काढलेलं काळं तेल यात ओतू नका. त्यात लोखंडाचा कीस असतो, तो तेलाचा पंप आणि बार दोन्ही खातो. शिवाय ते हाताला आणि मातीलाही वाईट.

धार लावाल तेव्हा बार उलटा करून लावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात. खाचेतला भुसा काढा, तेलाचं भोक मोकळं करा, एअर फिल्टर झटका.

आपल्याकडची तीन दुखणी

पहिलं, वाळू. किनाऱ्यावर पडलेल्या सुरूच्या सालीत वाळू भरलेली असते. अशा लाकडावर चार काप घेतले की नवी धार गेली. आधी ब्रशने झाडा, कोयत्याने साल काढा. ओंडका खाली दुसऱ्या लाकडावर उचलून ठेवा, म्हणजे साखळी जमिनीला लागणार नाही.

दुसरं, खिळे आणि दोर. वाडीतल्या किती झाडांना आपण जाळी वाळवायला, दोर बांधायला खिळे मारलेत ते आठवा. सालीत बुजलेला खिळा दिसत नाही. कापायच्या आधी हात फिरवून बघा. नायलॉनचा तुकडा साखळीत गेला तर तो गुंडाळून बसतो. मोडीत काढलेल्या लाकडी बोटीच्या फळ्याही चेनसॉला देऊ नका. त्यात खिळे असतातच, आणि रंग लावलेलं लाकूड चुलीत जाळलं तर तो धूर घरातल्यांच्या छातीत जातो.

तिसरं, मीठ. काम झालं की मशीन कोरड्या फडक्याने पुसा, मग तेलाच्या फडक्याने. पाण्याचा पाइप मारू नका. जाळ्यांच्या खोलीत, जेटीवरच्या शेडमध्ये ठेवू नका. झाकणाच्या डब्यात, घरात, उंचावर ठेवा.

हात गेला तर हंगाम गेला

बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. पावसाळा संपेपर्यंत हातपाय धड राहिले तर बोट लोटायला माणूस आहे. तांडेलाच्या मांडीला साखळी लागली तर त्या घराचा अख्खा हंगाम गेला, खलाशांचाही.

बारच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते. टोकाने कापू नका. दोन्ही हात, डावा पुढच्या मुठीवर, अंगठा मुठीखालून घट्ट. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही. शिडीवर किंवा झाडावर चढून तर मुळीच नाही. लुंगी, गळ्यातलं उपरणं, सैल बाही नको. चष्मा, कानाला मफ, हातमोजे, बूट आणि जमलं तर मांडीवरचं जाड संरक्षक कापड. एकटं कापायचं नाही.

वादळात पडलेलं झाड वेगळं असतं. ते धनुष्यासारखं ताणलेलं असतं. वाकलेल्या फांदीला आधी दबलेल्या बाजूने थोडासा काप द्या, मग ताणलेल्या बाजूने. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळाचा गड्डा झटकन पुन्हा उभा राहू शकतो. त्याच्या खड्ड्यात किंवा मागे माणूस, पोर, कोंबडं काहीही नको. विजेची तार झाडात असेल तर वीज मंडळाचा माणूस येईपर्यंत हात लावायचा नाही, 'लाईट गेलीय' म्हणून सुद्धा नाही.

लागलंच, तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा.

कोणतं लाकूड, कोणतं नाही

सुरूचं लाकूड जड, त्याचा निखारा टिकतो. पण वाळल्यावर ते दगडासारखं होतं, म्हणून ओलं असतानाच कापून फोडून ठेवा. आंबा हलका, लवकर पेटतो, लवकर संपतो. नारळाचा सोट बाहेरून चिवट, धार पटकन खातो. कापून, फोडून, जमिनीपासून वर रचून, हवा लागेल असं ठेवलेलं लाकूडच सुकतं. नुसती रास मारली तर आतलं कुजतं.

तिवरांना मात्र हात लावायचा नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यावर राज्यभर बंदी घातली आहे. पण कोर्टाचं राहू द्या, कोळंबी, चिंबोरी, बोईट यांची पिल्लं तिथेच वाढतात. एका चुलीच्या लाकडासाठी आपणच आपलं पाळणाघर तोडायचं का? किनाऱ्यावरचे वनविभागाचे सुरू पडले असले तरी विचारल्याशिवाय उचलू नका. स्वतःच्या वाडीतलं आंबा-फणसाचं उभं झाड तोडायलाही परवानगी लागते. १९६४ चा कायदा आहे त्याला.

पाच घरांत एक मशीन

प्रत्येक घराला चेनसॉ लागत नाही. वर्षातले आठ-दहा दिवस काम. पाच-सहा घरांनी मिळून एक चांगली घेतली तर परवडते. पण सामायिक वस्तूचं काय होतं ते आपण जाणतो: वापरतात सगळे, पुसत कोणी नाही.

त्याला उपाय बोटीवरचाच. बोटीला तांडेल एकच असतो. मशीनलाही एक माणूस ठरवा. ती त्याच्याच घरी राहील, पेट्रोल तोच मिसळेल, धार तोच लावेल. नेणाऱ्याने वहीत तारीख लिहायची, आणताना टाकी रिकामी आणि साखळी पुसलेली आणायची. प्रत्येक वापरामागे थोडे पैसे डब्यात, त्यातून कानस, साखळी, प्लग. आणि चालवायला शिकलेली माणसं दोनच, तिसऱ्याच्या हातात द्यायची नाही, मग तो कितीही जवळचा असो.

लाकडं भरून झाली की जूनच्या आधी टाकीतलं पेट्रोल काढा, मशीन बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करा. साखळी काढून तेलाच्या डब्यात बुडवून ठेवा. नवं मिश्रण करता येईल एवढं पेट्रोल आणि ऑईल मात्र वेगवेगळ्या डब्यांत, घरापासून लांब, सावलीत तयार असू द्या. वादळ मे-जूनमध्येही येतं. त्या रात्री झाड पडलं तर मशीन पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू झाली पाहिजे.

आपल्या पाड्यात ज्याच्याकडे मशीन आहे त्याला हे वाचून दाखवा. आणि यंदाची लाकडं पावसाआधी पडवीत चढू द्या.