एका वर्षात नर्स होता येतं का?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बारावीचा निकाल लागला की कोडोली-वारणानगर परिसरातल्या घरांत एकच विषय सुरू होतो. मुलगी सायन्सला होती, मार्क बरे आहेत, डॉक्टरकी परवडणार नाही, मग पुढे काय? अशा वेळी कोणीतरी सांगतं, ‘नर्सिंगला घाला, लगेच नोकरी.’ दुसरा सांगतो, ‘डोळे तपासायचा कोर्स करा, चश्म्याचं दुकान काढता येईल.’ आणि तिसऱ्याच्या खिशात एखादं छापील पत्रक असतं : एका वर्षात नर्स, सहा महिन्यांत चश्म्याचा नंबर काढायला शिका, फी हप्त्याहप्त्याने.

मी काही शास्त्राचा माणूस नाही. बी. ए. झालो आणि कविता लिहीत राहिलो. पण ओळखीपाळखीतले आईबाप ही पत्रकं घेऊन विचारायला येतात. ऊस गेल्यावर मिळालेले पैसे, कधी दूध संघाचं बिल, कधी गहाण पडलेला दागिना त्या फीमध्ये जाणार असतो. म्हणून या दोन शिक्षणांत मुलं शिकतात तरी काय, आणि ते शिकायला इतकी वर्षं का लागतात, हे आज समजावून घेऊ.

आपल्या भागाला हा विषय नवा नाही. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची जी ठाणी कोल्हापूर-सांगली पट्ट्यात होती, त्यांत कोडोली हे एक होतं. याच मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि त्यांनी मिरजेला मोठं रुग्णालय उभं केलं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी त्यांच्याकडे लांबलांबून माणसं येत. नर्सच्या शिक्षणाचीही मिरजेला जुनी परंपरा आहे. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा ‘चांगल्या घरच्या बायका हे काम करतात का?’ असं विचारलं जाई. त्याआधी १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः प्लेगने गेल्या. सेवेची ही परंपरा आपल्याला ठाऊक असते. सेवेमागचा अभ्यास मात्र आपल्या नजरेला पडत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातात दिवा घेतलेली बाई आठवते. पण त्या बाईंच्या हातात वहीही असे. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा अस्वच्छतेतून येणाऱ्या रोगांनी जास्त सैनिक दगावले, हे त्यांनी आकडे मांडून सरकारला दाखवलं. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. मोजायचं, लिहून ठेवायचं आणि लिहिलेल्यावरून वागायचं, हा त्यांचा धडा आजही पहिल्या वर्षापासून शिकवला जातो.

आपल्याकडे नर्सिंगच्या मुख्य वाटा तीन. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. गावातल्या उपकेंद्रावर लस टोचणारी, गरोदर बायकांची नोंद ठेवणारी नर्सबाई या वाटेने येते. जीएनएम ही तीन वर्षांची पदविका. बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. जीएनएम आणि बी. एस्सी. या दोन्हींना मुलगेही जातात; वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. यांतली कोणतीही वाट एका वर्षाची नाही, हे आधी पक्कं लक्षात ठेवा.

जीएनएमच्या पहिल्या वर्षी शरीररचना, शरीराचं कार्य, सूक्ष्मजीवशास्त्र, आहार, मानसशास्त्र, समाजशास्त्र, प्रथमोपचार आणि शुश्रूषेची मूलतत्त्वं असतात. दुसऱ्या वर्षी औषधोपचार व शस्त्रक्रियेच्या रुग्णांची काळजी, बालरुग्ण, मनोरुग्ण. तिसऱ्या वर्षी प्रसूती, स्त्रीरोग आणि सामाजिक आरोग्य. हे सगळं चालू असताना वर्गापेक्षा वॉर्डातले तास जास्त असतात.

आता साधं सलाईन घ्या. आपण काय पाहतो? सिस्टर आल्या, बाटली लटकवली, सुई लावली, चाक फिरवलं आणि गेल्या. त्या चाकामागे एक गणित असतं. डॉक्टरांनी लिहिलं, पाचशे मिलिलिटर, चार तासांत. नेहमीच्या सेटमधून एका मिलिलिटरला वीस थेंब पडतात. म्हणजे एकूण दहा हजार थेंब, आणि मिनिटं दोनशे चाळीस. भागाकार करा, मिनिटाला सुमारे बेचाळीस थेंब. पण लहान मुलांसाठी जो बारीक थेंबांचा सेट असतो, त्यात एका मिलिलिटरला साठ थेंब पडतात. त्या सेटवर बेचाळीसच थेंब ठेवले, तर चार तासांची बाटली बारा तास चालेल. उलट चूक झाली तर तीनपट वेगाने पाणी शरीरात जाईल. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळं असलेल्या माणसाला हे महागात पडतं. पाचवीतल्या मुलाला जमेल असा हा भागाकार. पण तो रात्री तीन वाजता, तीस खाटांच्या वॉर्डात, न चुकता करायचा असतो.

दुसरं उदाहरण इन्सुलिनचं. ते तर आता घरोघरी आलं आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात : एका मिलिलिटरला चाळीस युनिट आणि एका मिलिलिटरला शंभर युनिट. सिरिंजही दोन. चाळीसवाल्या बाटलीसाठी लाल टोपीची, शंभरवाल्यासाठी नारिंगी टोपीची. शंभरच्या बाटलीतलं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत ओढलं, तर रुग्णाला दहा नाही, पंचवीस युनिट जातात. साखर एकदम उतरते, दरदरून घाम फुटतो, माणूस बेशुद्धही पडू शकतो. म्हणून विद्यार्थिनींकडून घोकून घेतात : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. एका वर्षात इंजेक्शन टोचायला शिकता येईल. ते कधी टोचायचं नाही, हे ओळखायला जास्त काळ लागतो.

इथे माझ्यासारख्या शब्दांत रमणाऱ्या माणसाला आवडणारा एक भाग येतो. पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, पण रुग्ण बोलतो आपल्या भाषेत. वेदनेला आपल्याकडे शब्द किती! ठणकतं, चमकतं, कळ येते, मुरडा येतो, आग होते, टोचतं, खुपतं, चुरचुरतं. यांतला प्रत्येक शब्द वेगळी माहिती देतो. एखादा म्हातारा ‘पित्त झालंय, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय’ म्हणतो. त्यातलं ‘पित्त’ धरायचं की ‘दगड’ धरायचा, हे नर्सला कळलं पाहिजे. दगड धरला तर ती लगेच नाडी आणि रक्तदाब पाहून डॉक्टरांना बोलावते. आमच्याकडच्या मुसलमान घरांतली एखादी नानी दखनीत बोलेल, सीमेकडची आजी कानडीत. रुग्णाच्या बोलण्यातून नेमकी खूण उचलायची, ती आकड्यांत नोंदवायची आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरला तशीच सोपवायची, हे शिक्षण रुग्णाच्या खाटेशेजारीच मिळतं.

आता डोळ्यांकडे वळू. इथे लोकांचा नेहमी घोटाळा होतो, कारण माणसं तीन प्रकारची आहेत. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे डोळ्यांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. शस्त्रक्रिया तेच करतात. ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टी तपासतो, नंबर काढतो आणि आजाराची शंका आली तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवतो. ऑप्टिशियन हा चिठ्ठीप्रमाणे काच घडवून चश्मा बसवून देणारा. याशिवाय सरकारी दवाखान्यांत नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यातून दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचे नेत्र साहाय्यक खेड्यापर्यंत पोचले. ऑप्टोमेट्रीचं रीतसर शिक्षण आपल्या देशात १९५८ मध्ये अलीगढच्या गांधी नेत्र रुग्णालयात सुरू झालं. आज तिची पदवी बारावीनंतर किमान चार वर्षांची असते आणि शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं.

‘चश्म्याच्या नंबरात चार वर्षं शिकण्यासारखं काय आहे?’ असं कोणी विचारेल. नंबर म्हणजे काय, इथूनच पाहू. ज्या भिंगाचं केंद्रांतर एक मीटर, त्याचा नंबर एक. केंद्रांतर पाव मीटर, तर नंबर चार. उणे चार नंबर असलेल्या मुलाला चश्म्याशिवाय पंचवीस सेंटिमीटरपर्यंतचंच स्वच्छ दिसतं. म्हणजे पुस्तक दिसतं, फळा दिसत नाही. घरचे म्हणतात, ‘पोरगं अभ्यासात मागे पडलं.’ चाळिशीचं वेगळं. वयानुसार डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं दिसेनासं होतं. आपल्या भाषेने तर त्या चश्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटलं आहे. इतका वयाचा आणि नजरेचा हिशेब आपल्या पूर्वजांना ठाऊक होता.

मग नुसता नंबर बरोबर असला की झालं का? आमच्या नात्यातल्या एका खालाने एका दुकानातून चश्मा आणला. नंबर बरोबर होता, तरी डोकं दुखायचं, जिना उतरताना पायरी चुकायची. दुसऱ्या ठिकाणी दाखवल्यावर कळलं, बुबुळांमधलं अंतर मोजलंच नव्हतं. भिंगाचा मध्य बुबुळासमोर हवा. तो सरकला की भिंग लोलकासारखं वागतं आणि नजर ओढली जाते. हिशेब सोपा आहे : केंद्र जितके सेंटिमीटर सरकलं, तितक्याने नंबराला गुणायचं. चार नंबराचं भिंग अर्धा सेंटिमीटर सरकलं तर ओढ दोन मात्रांची. डोळ्यांचे स्नायू दिवसभर ही ओढ सावरत बसतात. प्रकाशशास्त्र, डोळ्याची रचना, दोन्ही डोळ्यांची एकत्र हालचाल, भिंग घडवणं हे विषय अभ्यासक्रमात असतात ते यासाठी.

तपासणीचा तक्ता तर सगळ्यांनी पाहिला असेल. नेदरलँड्सच्या हर्मन स्नेलेन यांनी तो १८६२ मध्ये आणला. सहा मीटरवरून जे निरोगी डोळ्याला वाचता येतं ते तुम्हालाही आलं, तर नजर सहा-सहा. निरोगी डोळ्याला जे साठ मीटरवरून दिसतं, त्यासाठी तुम्हाला सहा मीटरवर यावं लागलं, तर सहा-साठ. अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगळा तक्ता असतो. त्यात इंग्रजी ‘ई’चं चित्र वेगवेगळ्या दिशांना फिरवलेलं असतं. त्याचे तीन पाय कुणीकडे आहेत, ते हाताने दाखवायचं. कधी शाळेत न गेलेल्या म्हातारीचीही नजर अचूक मोजता येते. फक्त तपासणाऱ्याने तिला घाई करता कामा नये.

आणि जिथे नंबर उपयोगाचा नाही, तिथे थांबता आलं पाहिजे. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं जुळ्या बहिणींसारखी वाटतात, स्वभाव मात्र वेगळे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवलं की नजर बहुधा परत येते. काचबिंदूत डोळ्यामागची नस खराब होत जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी वाचवता येते. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे आढळलं. म्हणजे यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं. सहा महिने शिकलेला माणूस अशा वेळी नंबर बदलत राहतो. रीतसर शिकलेला म्हणतो, ‘आजी, चश्मा नको, आधी डॉक्टरांना दाखवा.’ गिऱ्हाईक परत पाठवण्याचं हे धाडस शिक्षणातूनच येतं.

आता आईबापांसाठी कामाचं. फी भरण्याआधी कॉलेजात जाऊन चार गोष्टी विचारा. पहिली, मान्यता कुणाची? नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची नावं कागदावर पाहा. शिकून झाल्यावर राज्याच्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळणार नसेल, तर ते प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतंच. २०२३ मध्ये संसदेने नर्सिंगसाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदाही केला आहे. ऑप्टोमेट्री २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात आली आहे. दुसरी, परीक्षा कोण घेतं? पदवी असेल तर विद्यापीठ कोणतं? आपल्या राज्यात १९९८ पासून नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, काही अभिमत विद्यापीठंही आहेत. तिसरी, रुग्णालय कुठे? किती खाटा, आणि तिथे खरोखर रुग्ण येतात का? नेत्रविभागाची ओपीडी एकदा स्वतः डोळ्यांनी पाहून या. चौथी, मागच्या दोन तुकड्यांतली मुलं आज कुठे काम करतात? नावं सांगायला कां-कूं झाली, तर पैसे खिशातच ठेवा.

एक विनंती मुलांनाही आहे. इंग्रजी शब्दांना घाबरून हे शिक्षण सोडू नका. वही घ्या, एका बाजूला पुस्तकातला शब्द लिहा, दुसऱ्या बाजूला आपल्या आजीचा. सुरुवातीला दोन्ही बाजू जुळायच्या नाहीत, वर्षभराने जुळू लागतील. कोल्हापूरचं सीपीआर असो, मिरजेचा दवाखाना असो की कोडोलीतलं एखादं छोटं इस्पितळ, तिथे तुमच्यापुढे जो माणूस येईल, त्याला तुम्ही मोजलेले थेंब किंवा काढलेला नंबर तपासून पाहता येणार नाही. तो तुमच्या शिक्षणावर भरवसा ठेवून हात पुढे करतो. तेव्हा पत्रक घेऊन कोणी ‘एका वर्षात नर्स’ म्हणत दारी आला, तर त्याला एवढंच विचारा : ‘उद्या तुमच्या आईला सलाईन लावायचं झालं, तर या एका वर्षाच्या हातून लावून घ्याल का?’